नोंदवहीत वस्तूचं नाव काय लिहायचं?

मागच्या अंकात छोट्या संग्रहांच्या नोंदवह्यांबद्दल लिहिलं होतं. एकच वस्तू चार ठिकाणी चार नावांनी नोंदली गेली की शोधणाऱ्याच्या हाती ती लागतच नाही, हा त्या लेखाचा मुद्दा. त्यावर आलेल्या पत्रांतले काही प्रश्न इथे घेते आहे. माझी सगळी नोकरी संग्रहालयाच्या नोंदणी विभागात गेली, त्यामुळे उत्तरं त्या टेबलावरून दिलेली आहेत.

प्रश्न : आमच्या शाळेजवळ नदीकाठी पांढरीचं, म्हणजे जुन्या वस्तीच्या मातीचं, टेकाड आहे. पाऊस होऊन गेला की खापरं उघडी पडतात. मुलांनी आणून आणून एक कपाट भरलं आहे. आम्ही तिघा शिक्षकांनी चिठ्ठ्या लावल्या, पण एकाने ‘मडके’, दुसऱ्याने ‘घागर’ आणि मी ‘भांडे’ असं लिहिलं. बोटभर उंचीची मातीची बाईची आकृतीही आहे, तिला ‘मातृदेवता’ म्हटलं आहे. यातलं काय बरोबर? — एक शिक्षिका, शिरूर तालुका

आधी एक गोष्ट सांगते, मग नावांकडे वळू. मुलांना तिथे खणू देऊ नका. जागा संरक्षित असेल तर परवानगीशिवाय खणणं गुन्हा आहेच, आणि नसली तरी एकदा थर उकरले की त्यांचा क्रम कुणालाही पुन्हा लावता येत नाही. नाणी किंवा दागिना असं मोलाचं काही निघालं तर १८७८ च्या निखात निधी कायद्याने ते जिल्हाधिकाऱ्यांना कळवावं लागतं, आणि त्या कायद्यातली मर्यादा दहा रुपये आहे. म्हणजे जवळजवळ सगळंच कळवायचं. तहसील कार्यालयात लेखी दिलं आणि राज्याच्या पुरातत्त्व व वस्तुसंग्रहालये संचालनालयाला पत्र टाकलं की तुमचंही काम सुरक्षित होतं.

आता नाव. ‘घागर’ हे नाव पाणी आणण्याच्या कामावरून आलेलं आहे. तुमच्या हातातला तुकडा पाणी आणण्याच्या भांड्याचा होता हे कशावरून? त्यात धान्य असेल, राख असेल. म्हणून पहिल्या रकान्यात जे डोळ्यांना दिसतं तेवढंच लिहावं : ‘खापर’. दुसऱ्यात भांड्याचा कोणता भाग ते : काठ, गळा, खांदा, पोट, बूड, तोटी. तिसऱ्यात आकार, तोही कळत असेल तरच : वाडगा, थाळी, अरुंद तोंडाचं मडकं, रांजण, तोटीचं भांडं, झाकण. तुम्ही तिघांनी बसून अशी दहा-बारा नावांची यादी करा, प्रत्येक नावापुढे एक रेखाचित्र काढा आणि ती कपाटाच्या दाराला आतून चिकटवा. यादीबाहेरचा शब्द कुणीही एकट्याने वापरायचा नाही, हा नियम ठेवा. नवा शब्द हवा असेल तर तिघांनी मिळून यादीत घालायचा.

आणखी एक रकाना मातीकामाचा. रंग, लेप, रंगवलेली नक्षी, चाकावर घडवलं की हाताने. खापराची आतली बाजू उन्हात तिरकी धरून बघा. बारीक समांतर रेघा फिरलेल्या दिसल्या तर चाक. तांबड्यावर काळी भौमितिक नक्षी असेल, भाजणी पक्की असेल आणि टिचकी मारल्यावर खणखणीत आवाज येत असेल तर तज्ज्ञाला जरूर दाखवा, कारण तुमच्या भागात जोर्वे खापर, म्हणजे ताम्रपाषाण काळातलं खापर, मिळण्याची शक्यता मोठी आहे. जोर्वे हे संगमनेर तालुक्यातलं गाव. तिथे १९५०-५१ मध्ये पुरातत्त्वज्ञ ह. धी. सांकळिया आणि शां. भा. देव यांनी उत्खनन केलं, आणि तिथल्या मातीकामाला गावाचं नाव मिळालं. आज तसं खापर इनामगावला निघो, दायमाबादला निघो किंवा तापीकाठी प्रकाशे इथे, त्याला जोर्वेच म्हणतात. पुण्यात कुणी ‘जोर्वे, तोटीचं भांडं’ असं लिहिलं की दिल्लीत वाचणाऱ्यापुढे तेच तांबडं भांडं उभं राहतं. ठरलेल्या संज्ञेचा उपयोग याच्यासाठी. मात्र ‘जोर्वे’ ही मातीकामाची जात झाली, वस्तूचं नाव नव्हे. दोन्ही एका रकान्यात कोंबू नका. तज्ज्ञाने सांगेपर्यंत तो रकाना कोरा ठेवा.

बाईच्या आकृतीपुढे ‘स्त्रीप्रतिमा, माती’ एवढंच लिहा. ‘मातृदेवता’ हा निष्कर्ष आहे आणि त्याला आधार लागतो. इनामगाव तुमच्याच तालुक्यात आहे. डेक्कन कॉलेजने १९६८ पासून तिथे अनेक हंगाम खोदलं. एका घराच्या जमिनीखाली झाकण असलेली मातीची लांबट गोल पेटी निघाली. पेटीत शिर नसलेली एक स्त्रीप्रतिमा होती, आणि सोबत शिर असलेली दुसरी स्त्रीप्रतिमा व एक बैल. तिथे पूजेचा विचार करायला जागा आहे, कारण पेटी, झाकण, बैल आणि घराखालची जागा हे सगळं एकत्र सापडलं. तुमची आकृती उतारावर वाहून आलेली आहे. ती मुलांचं खेळणं असू शकते. कुणाला देवता वाटत असेल तर शेऱ्याच्या रकान्यात ते लिहा, कोण म्हणालं त्याच्या नावासकट. आणि ज्या वस्तू ओळखूच येत नाहीत त्यांना ‘अनोळखी वस्तू’ म्हणायला संकोचू नका. इंग्लंड आणि वेल्समध्ये शेतात सापडलेल्या वस्तूंची नोंद करणारी पोर्टेबल अँटिक्विटीज स्कीम १९९७ पासून चालू आहे. तिथे आता पंधरा लाखांहून जास्त वस्तू नोंदलेल्या आहेत, आणि त्यांच्या ठरलेल्या शब्दांमध्ये ‘अनोळखी वस्तू’ हाही एक शब्द आहे. अंदाजाने दिलेलं नाव पुढे खरं म्हणून छापलं जातं; अनोळखी म्हणून ठेवलेली वस्तू कुणीतरी पुन्हा हातात घेतो.

शेवटचं, पण सगळ्यात निकडीचं : टेकाडाचा गट क्रमांक आणि वस्तू उचलल्याची तारीख प्रत्येक पिशवीवर आजच लिहा. नाव पुढच्या वर्षी सुधारता येईल, जागा विसरली तर ती परत मिळत नाही.

प्रश्न : आजोबांच्या गुऱ्हाळातली लोखंडी काहील आमच्या गोठ्यात जनावरांच्या पाण्याला आहे. गावात संग्रह उभा राहतोय, त्याला देणार आहोत. ती ‘भांडी’त घालायची, ‘शेती’त की ‘उद्योगा’त, यावर मंडळात वाद चालू आहे. — एक शेतकरी, करवीर तालुका

वाद रास्त आहे, आणि तो जगभर झालेला आहे. अमेरिकेत रॉबर्ट चेनहॉल यांनी १९७८ मध्ये मनुष्यनिर्मित वस्तूंच्या नावांची एक पद्धत मांडली. तिचं सूत्र असं : वस्तू मुळात कशासाठी घडवली, त्यावरून तिचा वर्ग. ब्रिटनमधल्या संग्रहालयांनी १९८३ मध्ये सामाजिक इतिहास आणि उद्योगांसाठी ‘शिक’ नावाची वर्गवारी आणली, ती दुसऱ्या बाजूने विचार करते : वस्तू कुणाच्या, कोणत्या जगण्यात वापरली गेली? तिचे चार मुख्य गट म्हणजे समाजजीवन, घर आणि कुटुंब, व्यक्तिगत जीवन आणि कामधंदा.

तुमची काहील चेनहॉलांच्या पद्धतीने अन्नप्रक्रियेच्या साधनांत जाईल, कारण ती रस आटवायला घडवली. ‘शिक’प्रमाणे ती कामधंद्यात जाईल. पण हीच काहील गावजेवणाच्या आमटीला चुलीवर चढत असेल तर समाजजीवनातही तिची नोंद हवी. गोठ्यातलं पाणी हा तिचा तिसरा संसार.

माझं मत विचाराल तर छोट्या संग्रहाने वर्ग मूळ कामावरून ठरवावा. म्हणजे ‘गूळनिर्मिती’, आणि चरक, चुलवण, काहील, ढेपेचे साचे हे सगळं एकत्र येईल. पुढचे उपयोग ‘वस्तूचा इतिहास’ या रकान्यात सविस्तर, कुणी, कधीपासून, कुठे, असे लिहावेत. ‘भांडी’ हा वर्ग मी टाळला असता. त्यात तांब्याही बसतो आणि काहीलही, आणि दोन्हींबद्दल काहीच कळत नाही.

एक विनंती आहे. काहील देण्याआधी घासूनपुसून लख्ख करू नका. बुडाची काजळी चुलवणाची आहे, आतला पांढरा थर गोठ्यातल्या पाण्याच्या क्षारांचा. दोन्ही उपयोगांचा पुरावा त्या पत्र्यावरच आहे. पत्रे कसे जोडलेत, रिबिटा किती, काठाला कड्या किती आणि त्या कशा झिजल्या आहेत, याचे जवळून फोटो काढा. कड्यांतून दांडा घालून माणसं उकळता रस उतरवत, तो भार कोणत्या बाजूला जास्त पडायचा ते कडीच्या झिजेवरून दिसतं. गावात कुणी जुना गुळव्या असेल तर त्याला काहिलीजवळ उभं करून विचारा आणि त्याचे शब्द जसेच्या तसे टिपून घ्या.

प्रश्न : वडील गिरणीत विणकर होते. त्यांच्या पेटीत एक धोटा (मागावर आडवा धागा नेणारा), त्यात बसणाऱ्या सुताच्या काही कांड्या, फणीचा तुकडा, एक हूक, पितळी बिल्ला आणि बदली कार्ड (गैरहजर कामगाराच्या जागी काम करणाऱ्याचं) आहे. आमचं मंडळ गिरणगावावर छोटं प्रदर्शन करतंय. एक जण म्हणतो सगळी नावं इंग्रजीत लिहा, ती ‘स्टँडर्ड’ असतात. वडील ते शब्द कधी वापरत नसत. — एक वाचक, लालबाग

तुमच्या वडिलांचे शब्द राहिलेच पाहिजेत, आणि प्रमाण संज्ञाही हवी. यात एकाने दुसऱ्याला हाकलायचं कारण नाही. वर्गवारीच्या याद्यांची रचनाच तशी असते. प्रत्येक कल्पनेला एक मुख्य नाव, त्याच्याखाली पर्यायी नावं, वर व्यापक नाव आणि शेजारी संबंधित नावं. तुमच्या वहीत मुख्य नाव ‘धोटा’, पर्यायी ‘शटल’, व्यापक ‘विणकामाची साधनं’, संबंधित ‘कांडी’ आणि ‘साचा’. कुणी शटल शोधलं तरी तो धोट्यापाशीच पोचेल. अमेरिकेतल्या गेटी संस्थेचा कला आणि वास्तुविषयक शब्दसंग्रह असाच बांधलेला आहे. त्यात एका कल्पनेला एकच क्रमांक असतो, नावं मात्र अनेक भाषांतली असू शकतात. क्रमांक जुळला की लालबागचा धोटा आणि लँकेशरचं शटल एकाच ठिकाणी सापडतात, आणि वडिलांच्या शब्दालाही धक्का लागत नाही.

गिरणीच्या शब्दांमध्ये एक अडचण मात्र येते, ती आधीच सोडवून ठेवा. गिरणीत साचा म्हणजे माग. साचेखातं म्हणजे विणाई. पण ओतशाळेतही साचा असतो, गुळाच्या ढेपेलाही असतो. फणी मागाला असते आणि केसांनाही. उत्खननात हस्तिदंती फण्या निघतात त्या केसांच्या. म्हणून कंसात क्षेत्र लिहायची पद्धत आहे : साचा (विणकाम), साचा (ओतकाम), फणी (माग), फणी (केस). प्रदर्शनाच्या पाटीवर कंसाची गरज नाही, वहीत मात्र प्रत्येक वेळी लिहा. त्रासन खातं म्हणजे सूतकताई, कांजी म्हणजे सुताला खळ देणं, हे शब्द मुख्य नावाजवळ स्वतंत्र रकान्यात ठेवा आणि रकान्याला ‘कामगारांचा शब्द’ असं सरळ नाव द्या.

आता तो धोटा हातात घ्या. कठीण लाकडाचा, दोन्ही टोकांना पोलादी टोप्या असलेला असेल. टोप्या मोजा, किती बोथटल्या आहेत बघा. मधल्या खोबणीत कांडी बसवायची सळई दिसेल. एका बाजूला धागा बाहेर यायचा छोटा डोळा आहे, बहुधा चिनी मातीचा. जुन्या धोट्यात कांडी बदलली की नव्या धाग्याचं टोक त्या डोळ्यातून बाहेर काढायला विणकर धोटा ओठांना लावून श्वास आत ओढायचा. दुसऱ्या पाळीतला माणूस तोच धोटा तोंडाला लावायचा. या एका कृतीवर मुंबईच्या गिरण्यांत केवढा अन्याय उभा होता, ते धोट्याच्या नावात कुठेच दिसत नाही. उष्ट्याच्या नावाखाली अस्पृश्य मानलेल्या कामगारांना साचेखात्यात येऊ दिलं जात नसे, आणि विणकराचं काम जास्त मजुरीचं होतं. १९२८ च्या संपाच्या काळात डॉ. बाबासाहेब आंबेडकरांनी हा प्रश्न कामगार पुढाऱ्यांपुढे ठणकावून मांडला. म्हणून माझा आग्रह आहे की नोंद ‘धोटा, लाकूड, पोलाद, लांबी इतकी’ एवढ्यावर थांबू नये. ‘वापरण्याची रीत’ असा रकाना करा आणि त्यात तोंडाने धागा ओढणं स्पष्ट लिहा. तुमच्याकडचा धोटा त्या जातीचा आहे की डोळ्याला खाच असलेला, हाताने धागा ओवायचा, तेही बघून लिहा. ही माहिती वर्गवारीच्या कुठल्याही यादीतून तुम्हाला मिळणार नाही, ती हातातल्या लाकडावर आहे.

फणीचा तुकडा असेल तर एका इंचात किती घरं आहेत ती मोजा. कापड किती दाट निघायचं त्याचा अंदाज येतो. हूक बहुधा फणीतून ताणे, म्हणजे उभे धागे, ओढण्याचा असेल, पण वडिलांच्या खात्यातल्या कुणाकडून खात्री करून घ्या. बिल्ल्याचा वर्ग वेगळा : तो ओळखपत्र आहे, विणकामाचं साधन नव्हे. त्यावरचा क्रमांक, गिरणीचं नाव, भोक कसं पाडलंय, हे सगळं उतरवा. बदली कार्ड कागदपत्रांत जाईल. पण या सगळ्या वस्तू एका माणसाच्या पेटीतून आल्या, हे सांगणारा एक समान क्रमांक सगळ्यांना द्या, नाहीतर वर्गवारी करता करता माणूस हरवेल. पेटीची नोंद विसरू नका. लोक हमखास विसरतात.

१९८२ च्या संपानंतर गिरण्या एकेक करून बंद पडल्या आणि ओल्डहॅमच्या प्लॅट ब्रदर्ससारख्या कारखान्यांची नावं ओतलेली यंत्रं भंगारात वजनावर गेली. आता जे आहे ते घरोघरच्या पेट्यांमध्ये आणि त्या वयाच्या माणसांच्या बोलण्यात. औद्योगिक वारशाचा जो आंतरराष्ट्रीय जाहीरनामा २००३ मध्ये रशियात निझनी तागिल या गावाच्या नावाने संमत झाला, त्यात इमारती आणि यंत्रांसोबत कामगारांच्या हातातल्या कौशल्याचीही दखल घेतली आहे. तुमच्या मंडळात साचेखात्यातले, त्रासनातले, कांजीतले जे कुणी असतील त्यांना प्रदर्शनाच्या आधी बोलवा. उद्घाटनाला नव्हे, नोंदीला. वस्तू समोर ठेवा, मोबाइलवर रेकॉर्डिंग चालू ठेवा, आणि ते ज्या नावाने हाक मारतील ते लिहा. दोघांनी दोन नावं सांगितली तर दोन्ही लिहा, कोणत्या गिरणीतली ते सांगून.

प्रश्न : तयार यादी कुठली घ्यावी? सगळं नव्याने करायला आमच्याकडे माणसं नाहीत. — एका तालुका वाचनालयाचे कार्यवाह

नव्याने करू नका. गेटीचा शब्दसंग्रह आणि चेनहॉलांच्या पद्धतीची आजची आवृत्ती, दोन्ही इंटरनेटवर फुकट बघता येतात. उत्खननातल्या वस्तूंसाठी ब्रिटनमधला पुरातत्त्वीय वस्तूंचा शब्दसंग्रह उपयोगी पडतो, पण त्यातले काळ आणि वस्तू तिकडच्या आहेत. आपली पाटा-वरवंट्याची, पणतीची, गोफणगुंड्याची गरज त्यात भागत नाही. आपल्याकडे पुण्याच्या सी-डॅक या सरकारी संगणकसंस्थेने ‘जतन’ ही संगणकप्रणाली केली, तिच्यावर राष्ट्रीय संग्रहालयांच्या नोंदी आहेत. त्या नोंदींत कोणते रकाने आहेत ते पाहून तुमची वही आखा. मराठी नावं बऱ्याच ठिकाणी तुम्हालाच जोडावी लागतील. दोनशे वस्तूंच्या संग्रहाला साठ-सत्तर नावांची यादी पुरते. तेवढी करा, आणि शेजारच्या तालुक्यातल्या संग्रहाला पाठवा. त्यांनी वेगळी केली असेल तर बसून एक करा. हे काम कुठलं कार्यालय येऊन करून देणार नाही.

प्रश्न : सगळं संगणकावर घेतल्यावर जुन्या वह्या टाकून द्यायच्या का? — वरील कार्यवाहांचाच दुसरा प्रश्न

नाही. कृपा करून टाकू नका. एका संग्रहात संगणकीकरण करताना तांब्या, गडू, लोटा, पंचपात्री आणि कमंडलू या सगळ्यांसाठी ‘पॉट’ हा एकच शब्द निवडला गेला. जुनी वही जपून ठेवली होती म्हणून ती नावं पुन्हा मिळाली, आणि कोणता गडू कोणत्या घरातून आला तेही.

संगणकावर नवा क्रमांक द्याल तेव्हा जुना क्रमांक, वहीचं पान आणि मूळ नोंदीतला शब्द असे तीन रकाने सुरुवातीलाच ठेवा. जुना शब्द चुकीचा वाटला तरी खोडायचा नाही. शेजारी नवा लिहायचा, तारीख आणि बदलणाऱ्याची सही घालून. वह्यांची पानं सुटली असतील तर चिकटपट्टी लावू नका, पानांना क्रमांक घाला आणि कापडात गुंडाळून कोरड्या कपाटात वरच्या खणात ठेवा. फोटो काढायचे ते उजेडात, मागची पानं आणि समास सोडू नका. जुने नोंदणीकार महत्त्वाची माहिती पुष्कळदा समासातच लिहीत.